पडत्या काळातली चाकरी

सातारा

चि. निखिल यास,


तुझं पत्र मिळालं. साहेबांचं खातं जाणार अशी कुजबूज सुरू झाल्यापासून तुझ्या टेबलाशी येणारी माणसं रोडावली, आणि समोरच्या गोटातून तुला ‘एकदा चहाला या’ असा निरोप आला, असं लिहितोस. जावं की थांबावं, एवढाच तुझा प्रश्न. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे उत्तरही इतिहासातूनच देतो. तेही मुद्दाम परक्या देशातल्या, म्हणजे आपल्या माणसांबद्दलचे राग-लोभ मध्ये येणार नाहीत.

इंग्लंडात विल्यम मार्शल नावाचा सरदार होऊन गेला. जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. सरदाराचा धाकटा मुलगा, त्यामुळे वाट्याला जमीन नाही. पाच मुकुटधाऱ्यांची चाकरी त्याने केली: दुसरा हेन्री, बापाच्या हयातीतच राज्याभिषेक झालेला त्याचा मुलगा हेन्री, मग रिचर्ड, मग जॉन आणि शेवटी नऊ वर्षांचा तिसरा हेन्री. एवढं ऐकून कोणीही म्हणेल की हा वारा येईल तशी पाठ देणारा. प्रत्येक वेळी तो कधी आणि कसा हलला ते पाहिलं की मत बदलतं.

दरबारी राजकारणाची चव त्याने पोरवयातच घेतली. ११५२ मध्ये न्यूबरीच्या वेढ्यात बापाने त्याला स्टीफन राजाकडे ओलीस ठेवलं आणि खुशाल शब्द मोडला. पोराला फाशी देऊ म्हटल्यावर बापाने उलट निरोप धाडला, की याहून चांगली पोरं घडवायची हत्यारं माझ्यापाशी अजून आहेत. स्टीफनला दया आली म्हणून पोरगा वाचला. पुढे नॉर्मंडीत तो शस्त्रविद्या शिकला. नाइट लोकांच्या झुंजींमध्ये हरलेल्याला धरून खंडणी घ्यायची रीत होती. त्यावर त्याने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. धाकट्या हेन्रीने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा तो धन्याच्या बाजूनेच राहिला. तो धनी ११८३ मध्ये वारला, तेव्हा त्याचा क्रुसेडचा नवस फेडायला हा जेरुसलेमला जाऊन आला. परतल्यावर, ज्याच्याविरुद्ध तो उभा राहिला होता त्या बापानेच त्याला पदरी घेतलं.

आता तुझ्या प्रश्नाशी थेट भिडणारी गोष्ट. जून ११८९. म्हातारा, आजारी दुसरा हेन्री जळत्या ल मां शहरातून पळतोय, आणि पाठलागावर त्याचाच मुलगा रिचर्ड. उद्याचा राजा कोण, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रिचर्डच्या डोक्यावर लोखंडी टोप होता, पण अंगात चिलखत नव्हतं. मार्शलने घोडा वळवला आणि भाला रोखला. रिचर्ड ओरडला, की मी निःशस्त्र आहे, मारू नकोस. मार्शलने भाल्याचं टोक खाली केलं आणि त्याचा घोडा तेवढा ठार केला. पाठलाग तिथेच थांबला.

जुलैच्या ६ तारखेला हेन्री शिनोंच्या किल्ल्यात मेला. फितुरांची यादी त्याने मागवली होती. तिच्यात पहिलं नाव निघालं लाडक्या मुलाचं, जॉनचं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. नोकरांनी प्रेताच्या अंगावरचे कपडेसुद्धा ओरबाडून नेले. मार्शल थांबला. त्याने प्रेत फोंतेव्रोच्या मठात पोचवलं. तिथे नवा राजा आला आणि म्हणाला, परवा तू मला मारायला निघाला होतास. त्याला राजाची चूक पोटात घालून मान डोलावता आली असती. त्याने साफ सांगितलं, की भाला हवा तिथे मारायची ताकद माझ्या हातात आहे. घोडाच मारायचा होता, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. रिचर्डने त्याला माफ तर केलंच, वर इझाबेल द क्लेअर या मोठ्या वारसदार मुलीशी लग्नही लावून दिलं. त्या लग्नाने आयर्लंडातल्या लेन्स्टरवर त्याचा हक्क आला. पुढे जॉनने त्याला पेम्ब्रुकचा अर्ल केलं. शेवटपर्यंत जुन्याला न सोडणारा माणूस उद्या आपल्यालाही सोडणार नाही, हा रिचर्डचा हिशेब असावा.

पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस. त्याचं फ्रेंच पद्यातलं, एकोणीस हजारांवर ओळींचं चरित्र मुलाने मृत्यूनंतर लिहवून घेतलंय. तेव्हा त्यातल्या स्तुतीतून चार आणे कापूनच घ्यावे. एका जागी तर चरित्रकारालाही फार झाकता आलेलं नाही. १२०४ मध्ये जॉनच्या हातून नॉर्मंडी गेली. तिथली स्वतःची जमीन वाचवायला मार्शलने फ्रान्सच्या राजापुढेही निष्ठेची शपथ घेतली. दोन डगरींवर हात. पुढे जॉनने फ्रान्सवर चाल करायला बोलावलं, तर याला नाही म्हणावं लागलं. ते त्याने भर दरबारात, तोंडावर सांगितलं, हा त्याचा मोठेपणा. पण अडचण त्याची स्वतःचीच करणी होती. जॉनने त्याची मुलं ओलीस धरली आणि त्याला काही वर्षं आयर्लंडात, राजाच्या खप्पा मर्जीत काढावी लागली. त्या चहाकडे मी याच नजरेने पाहतो.

तरीही १२१५ मध्ये अनेक मोठे सरदार उलटले तेव्हा तो जॉनच्याच बाजूला होता. थोरला मुलगा मात्र बंडखोरांत. १२१६ च्या ऑक्टोबरात जॉन मेला. खजिना रिकामा, लंडन फ्रेंच राजपुत्राच्या ताब्यात, आणि गादीवर नऊ वर्षांचं पोर. सत्तरीच्या आसपासच्या मार्शलने कारभार पत्करला आणि म्हणाला, सगळ्यांनी सोडलं तर भीक मागेन, पण या पोराला खांद्यावर घेऊन बेटाबेटांतून फिरेन. मे १२१७ मध्ये लिंकनची लढाई त्याने स्वतः पुढे होऊन जिंकली. जिंकल्यावर त्याने सूड उगवला नाही. बंडखोरांना जमिनी परत दिल्या, फ्रेंच राजपुत्राला पैसे देऊन वाटेला लावलं, आणि जॉनने मोडलेला मॅग्ना कार्टा, म्हणजे हक्कांची सनद, जी त्याने १२१६ मध्येच सुधारून जाहीर केली होती, ती १२१७ मध्ये पुन्हा सुधारून जाहीर केली. फार सौम्य वागला म्हणून त्याला बोल लागला, पण देशातलं युद्ध थांबलं. १४ मे १२१९ रोजी तो कॅव्हरशॅमला वारला. त्याचं दफन लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये झालं.

तेव्हा माझं सांगणं सरळ आहे. साहेबांचं खातं आहे तोवर चहाला जाऊ नकोस. मात्र ते बेकायदा काही करायला सांगतील तर तोंडावर नाही म्हण. त्याला निमकहरामी म्हणत नाहीत. खातं गेलं की फायली क्रमाने लावून, सही घेऊन ताब्यात दे. झेरॉक्स घरी आणू नकोस. साहेबांना शेवटच्या दिवशी गाडीपर्यंत सोडायला जा, कारण त्या दिवशी फारसं कोणी नसेल. नव्याने विचारलं, की त्यांच्यासाठी तू काय काय केलंस, तर जे केलंस ते सांग. त्यांची गुपितं सांगू नकोस. एवढ्यावर त्याने ठेवलं नाही तर तिथे राहण्यात तुझा फायदा नव्हताच. आणि कधी खुर्ची तुझ्याकडे आली, तर हरलेल्यांना परत यायला दार ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा