आकड्यांचे व्याकरण : कार्यालयातील दूरध्वनीची नियमरचना

भाषेला जसे व्याकरण असते, तसे दूरध्वनीच्या आकड्यांनाही असते. कोणत्या आकड्यामागून कोणता आकडा आला असता त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, हे आधी ठरलेले नसेल तर यंत्र गोंधळते. प्रस्तुत लेखात आपण ह्या व्याकरणाचा थोडक्यात परिचय करून घेऊ.

पूर्वी दूरध्वनी केंद्रात ऑपरेटर बसत असे. ‘डॉक्टरांकडे जोडून द्या’ एवढे म्हटले तरी काम भागे, कारण ऐकणारे माणूस होते. १८९१ साली अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर ह्यांना स्वयंचलित जोडणीयंत्राचे पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट ह्या गावी असे पहिले केंद्र सुरू झाले. आपल्या देशात १९६० साली कानपूर व लखनौ ह्या शहरांमध्ये ऑपरेटरवाचून परगावी थेट बोलण्याची सोय झाली. ऑपरेटरच्या जागी नियम आला. नियम थकत नाही, चुकत नाही. परंतु बोलणाराची अडचण ओळखण्याची शक्ती त्याला नसते.

आज पुष्कळ कार्यालयांतील दूरध्वनी संगणकाच्या तारेवरून चालतो. आवाजाचे सामान्यतः सेकंदाला ८००० नमुने घेतात, त्यांचे आकड्यांत रूपांतर करतात आणि लहान लहान पुडकी बांधून ती इंटरनेटच्या मार्गाने धाडतात. ह्यालाच ‘व्हॉइस ओव्हर आयपी’ म्हणतात. जोडणीचे काम येथे संगणकातील आज्ञावली करते. मार्क स्पेन्सर ह्यांनी १९९९ साली तयार केलेली ‘अ‍ॅस्टेरिस्क’ ही त्यांपैकी एक प्रसिद्ध आज्ञावली होय. अ‍ॅस्टेरिस्क म्हणजे तारका. दूरध्वनीच्या कळींवर असते तीच.

ह्या आज्ञावलीत नियम लिहिण्याची पद्धत सोपी आहे. ‘एक्स’ ह्या अक्षराचा अर्थ ० ते ९ पैकी कोणताही आकडा, ‘झेड’ म्हणजे १ ते ९ आणि ‘एन’ म्हणजे २ ते ९. बीजगणितात आपण अक्षराच्या जागी संख्या घालतो, तसेच हे. ५ पुढे दोन ‘एक्स’ लिहिले की ५०० ते ५९९ हे सर्व क्रमांक एका ओळीत आले.

आता बेळगावातील चाळीस माणसांच्या एका कार्यालयाची कल्पना करू. आतल्या आत बोलण्यासाठी प्रत्येक टेबलाला तीन आकडी क्रमांक द्यावयाचा आहे. तो २ ने सुरू करावा काय? बेळगावचे पुष्कळसे घरगुती क्रमांक सात आकडी असून २ नेच सुरू होतात. तीन आकडे दाबताच जोडून देणारे यंत्र बाहेरच्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे ऐकूनच आतल्या टेबलावर घंटी वाजवील. मग १ ने सुरू करावा काय? तेही नको, कारण ११२ हा संकटकालीन साहाय्याचा क्रमांक, १०१ अग्निशामक दलाचा. १ हा आकडा त्यांच्यासाठीच राखून ठेवणे इष्ट. म्हणून आपण ५०१ ते ५४० हे क्रमांक घेऊ. ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे मोबाइल. एका शून्याने सुरू होणारे अकरा आकडे म्हणजे बहुधा परगाव. दोन शून्ये म्हणजे परदेश. परदेशाचा मार्ग सर्वांना खुला ठेवू नये. भामटे अशाच मोकळ्या वाटेने शिरून दुसऱ्याच्या खर्चाने तासन् तास बोलतात.

काही आकडे कोणाला बोलावण्यासाठी नसून यंत्राला काम सांगण्यासाठी असतात. त्यांच्या आधी तारका दाबतात. १९६३ सालच्या पहिल्या कळींच्या दूरध्वनीवर तारका नव्हती. ती १९६८ साली आली. कोणाचाही क्रमांक तारकेने सुरू होत नसल्याने येथे घोटाळा संभवत नाही. ‘अ‍ॅस्टेरिस्क’वर आधारलेल्या ‘फ्रीपीबीएक्स’ ह्या आज्ञावलीत मुळात ठरवून दिलेले काही संकेत असे :

तारका ७२ : आपले फोन दुसऱ्या क्रमांकाकडे वळविणे.
तारका ७३ : ते वळविणे बंद करणे.
तारका ७८ : ‘व्यत्यय नको’ असे सांगणे, तारका ७९ ने ते रद्द होते.
तारका ९७ : आपल्यासाठी ठेवलेले निरोप ऐकणे.
तारका ४३ : आपलाच आवाज परत ऐकून तार तपासणे.

हे सर्व सोयीचे खरे; पण नियम लिहिणाराची खरी कसोटी निराळीच आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल येथील एका हॉटेलात, कारी हंट ह्या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेत शिकविल्याप्रमाणे ९११ हा साहाय्याचा क्रमांक दाबला; एकदा नव्हे, चार वेळा. फोन लागलाच नाही. त्या हॉटेलातून बाहेर बोलण्यासाठी आधी ९ दाबावा लागे, हे त्या बालिकेला कोठून ठाऊक असणार? आई वाचली नाही. कारीच्या वडिलांनी पुढे मोठी चळवळ केली आणि २०१८ साली ‘कारीचा कायदा’ संमत झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविलेल्या अशा यंत्रांवरून ९११ हा क्रमांक कोणताही आगाऊ आकडा न दाबता लागलाच पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले.

यंत्राने त्या दिवशी नियम तंतोतंत पाळला होता. ऑपरेटर असती तर मुलाचा आवाज ऐकताच तिने काय हवे ते ओळखले असते. म्हणून नियमांची यादी लिहिताना ११२ चा नियम सर्वांत वर लिहावा; तो आधी शून्य दाबून लागावा आणि न दाबताही लागावा. फोन आपल्याच गावच्या मदत केंद्राकडे जातो ना, हेही पाहावे. कारण ह्या पद्धतीत कार्यालय एका गावी आणि बाहेर जाणारी तार दुसऱ्या गावी असू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी काही जण पुढे अशी यंत्रे मांडतील. तेव्हा एवढे लक्षात ठेवावे, की जाणकाराला सोयीचा नियम कोणीही लिहील. परंतु घाबरलेल्या, अनोळखी मुलाच्या हातूनही जो चालेल, तोच नियम पुरा झाला असे समजावे.