वस्त्राचा पाठ : तंतू, वीण आणि वर्गातील सावधगिरी

परिसर अभ्यासात वस्त्रांचा विषय येतो, तेव्हा तो बहुधा फळ्यावरच उरकला जातो. कापूस झाडापासून, लोकर मेंढीपासून, रेशीम किड्यापासून, ही यादी मुले पाठ म्हणतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु "तुझ्या अंगावरचा सदरा कशाचा?" असे विचारले की वर्ग गप्प होतो. हा पाठ हातांनी शिकविण्याचा आहे. त्याला लागणारे साहित्य आपल्या गावात फुकट मिळते. मात्र त्यातील एका प्रयोगात धोका आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, तो भाग कृपा करून वगळू नये.

प्रारंभ कपाशीच्या बोंडाने करावा. प्रत्येक मुलाला सरकीसह थोडा कापूस द्यावा व सरकीभोवतीचे तंतू बोटांनी विंचरून सरळ करावयास सांगावे. पट्टीने मोजल्यास त्यांची लांबी बहुधा दोन ते तीन सेंटिमीटर भरते. असा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी होय. एवढ्याशा तंतूंपासून हातभर लांब सूत कसे होते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. पिंजलेल्या कापसाचा पेळू ओढला की चटकन तुटतो. तोच दोन बोटांत पीळ देऊन ओढला तर तुटत नाही. पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांतील घर्षण त्यांना सुटू देत नाही. अंबाडीच्या वाखाचे चऱ्हाट वळताना ज्या मुलांनी पाहिले असेल, ती हे आपणहून सांगतील. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्यास कापसाचा तंतू चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा, तर लोकरीचा तंतू खवल्याखवल्यांचा दिसतो. रेशमाची गोष्ट निराळी. एका कोशाचा धागा काही शे मीटर लांब व अखंड असतो; तो उलगडावयाचा असतो.

सन १९३७ च्या वर्धा येथील परिषदेनंतर मूलोद्योगाच्या शाळांत टकळी आली आणि पुढे ती अडगळीत गेली. तो उद्योग पुन्हा सुरू करावा असे माझे म्हणणे नाही. पण कोणाच्या घरी जुनी टकळी असेल तर ती एक दिवस वर्गात आणावी. सूत कातताना पाहिलेले मूल पीळ या शब्दाचा अर्थ विसरत नाही.

यानंतर विणीकडे वळावे. उभे धागे तो ताणा व आडवे धागे तो बाणा. दोन रंगांच्या कागदी पट्ट्या घेऊन मुलांकडून चटई विणून घ्यावी : एक पट्टी वर, एक खाली, आणि पुढच्या ओळीत याच्या उलट. काही मुले उलट करावयास विसरतात व त्यांची चटई उचलताच सुटते. ही चूक होऊ द्यावी. वीण कशाने टिकते हे तिच्यातून समजते. पट्ट्या दोन वर, दोन खाली घेऊन दर ओळीला एक घर सरकविले की तिरप्या रेषा उमटतात. खाकी ड्रिलच्या कापडावर त्याच दिसतात. नंतर जुन्या धोतराचा तुकडा देऊन काठाला समांतर धागे कोणते हे ओळखावयास सांगावे, तो ताणा. कापड ताण्याच्या व बाण्याच्या दिशेने फारसे ताणत नाही, परंतु तिरके ओढले की ताणते. फाटक्या बनियनचा तुकडा मात्र कोठूनही ताणतो, कारण तेथे ताणा-बाणा नसून एकाच धाग्याचे फासे एकमेकांत गुंतविलेले असतात. बाज विणणारा गृहस्थ गावात असेल तर त्याला वर्गात बोलवावे. फळ्यावरील आकृतीपेक्षा त्याचे दहा मिनिटांचे काम अधिक शिकविते.

आता कापड कशाचे हे ओळखण्याविषयी. पुस्तके जाळून पाहण्याची परीक्षा सांगतात. सुती कापड कागदासारखे जळते व मऊ राख उरते. लोकर व रेशीम सावकाश जळतात, केस जळाल्याचा वास येतो, उरलेला काळा गोळा बोटांनी चुरडता येतो. नायलॉन व पॉलिएस्टर आक्रसतात, वितळतात व थंड झाल्यावर कठीण मणी बनतो. ही परीक्षा उपयुक्त आहे, पण निर्णायक नाही. रेयॉन हे लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून बनत असल्याने सुतासारखेच जळते. आणि बाजारातील पुष्कळसे कापड मिश्र धाग्यांचे असते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हा प्रयोग मी मुलांच्या हाती दिला होता. एका मुलाने नायलॉनची चिंधी बोटांत धरली, तिचा वितळलेला थेंब शेजारच्या मुलीच्या मनगटावर पडला आणि तेथेच चिकटला. तिने हात झटकला, तरी तो सुटला नाही. व्रण लहानच राहिला, पण राहिला. तेव्हापासून वर्गात काडी फक्त मीच ओढतो.

प्रयोग करावयाचाच असल्यास तो शिक्षकाने स्वतः, वाऱ्याच्या आडोशाला परंतु उघड्यावर करावा. मेणबत्ती परातीतील वाळूत रोवावी, चिंधी बोटभर लांबीहून मोठी नसावी व ती लोखंडी चिमट्यात धरावी. जवळ पाण्याची बादली ठेवावी. मुले दोन मीटर दूर बसवावी. धूर हुंगावयास कोणालाही पुढे बोलावू नये. शिक्षिकांनी पदर वा ओढणी खोचून घ्यावी. एवढी व्यवस्था होत नसेल तर पाण्याच्या थेंबाची परीक्षा पुरे. धुतलेले सुती कापड थेंब तत्काळ शोषते, पॉलिएस्टरवर तो बहुधा काही काळ तसाच राहतो. कोऱ्या कापडावर खळ असल्याने ही परीक्षा फसते, म्हणून कापड आधी धुवावे.

"सुती कापड सुरक्षित" हा समज आपल्यात दृढ आहे आणि तो अर्धाच खरा आहे. सूत वितळून त्वचेला चिकटत नाही हे खरे. पण ते चटकन पेटते, आणि कापड विरळ, सैल वा लव असलेले असेल तर ज्वाला त्यावर वेगाने धावते. म्हणून शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीजवळ किंवा सरस्वतीपूजनाच्या समईजवळ घेरदार झगा व लोंबती ओढणी, मग ती कशाचीही असो, येऊ देऊ नये.

कपड्याने पेट घेतल्यास मुले धावतात; धावल्याने वारा लागून आग वाढते. थांबणे, चेहरा हातांनी झाकून जमिनीवर आडवे होणे व लोळणे, हे मैदानावर प्रत्यक्ष करवून घ्यावे. आग विझविण्यासाठी शाळेत एक घोंगडी खुंटीला टांगलेली असावी. लोकर सहसा पेटत नाही, पेटलीच तर सावकाश जळते. चादर वा नायलॉनची ब्लँकेट मात्र वापरू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे थंड, स्वच्छ पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढून काढू नये. शाई, हळद, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये आणि मुलाला दवाखान्यात न्यावे.

शिवणकामाच्या तासाला सुया मोजून द्याव्या व मोजून घ्याव्या. सुईत ओवताना धाग्याचे टोक तोंडात घेण्याची सवय मोडावी. कापूस पिंजण्याचे काम बंद खोलीत करवून घेऊ नये. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांना फुप्फुसांचा विकार जडतो, हे आपण जाणतोच.

पाठ संपल्यावर चिंध्यांचे नमुने एका वहीत चिकटवून प्रत्येकाखाली तंतू, वीण व पाण्याच्या थेंबाचा निष्कर्ष मुलांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावा. घोंगडीचा नमुना चिकटविताना ती ताठ का, असे कोणीतरी विचारीलच. तेव्हा चिंचोक्याच्या खळीची हकीकत सांगावी, आणि जवळपास सनगर कुटुंब असल्यास पुढचा तास त्यांच्या मागाजवळ घ्यावा.