होळीचा नैवेद्य आणि आत्याचा अंदाज

आपल्या घरचा कुलाचार आपल्याला माहीत आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेकांना फक्त नैवेद्याची चव माहीत असते. माझेही तसेच होते. आमचे कुटुंब चार पिढ्या वडोदऱ्यात आहे. शेजारच्या गुजराती घरांतून तुरीच्या डाळीची वेढमी यायची, आई हरभऱ्याच्या डाळीची पुरणपोळी करायची. आई गेल्यावर दोन वर्षे होळीचा नैवेद्य दुकानातून आला. तिसऱ्या वर्षी मुलाने विचारले, "आपली वेढमी कधी आणायची?" पुरणपोळी हा शब्दच त्याच्याकडे नव्हता. मग होळीला मी आत्याकडे गेले.

आत्या ८२ वर्षांची. हातात जोर नाही, म्हणून खुर्चीत बसून सांगत होती. माप विचारले की उत्तर एकच, "अंदाजाने!" शेवटी तिच्याच मुठीने डाळ-गूळ काढून मी वाटीने मोजले. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ निघाला.

शिजलेली डाळ बोटांत सहज चुरडली की लगेच निथळायची. ते पाणी म्हणजे कट. तो टाकायचा नाही, त्याचीच आमटी. गूळ घालून आटवताना उलथणे पुरणात उभे राहिले, म्हणजे झाले. मग वेलदोडा-जायफळ घालून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचे. मी नेमकी फोनवर बोलत राहिले. पुरण गार होऊन घट्ट झाले, यंत्र फिरेना. आत्या रागावली नाही. म्हणाली, "वहिनीही पहिल्या वर्षी अशीच रडली होती." आईने हे मला कधी सांगितले नव्हते.

म्हणून साधकांनी ज्येष्ठांसमोर वही घेऊन बसू नये, असे मला वाटते. आधी करावे, चुकावे. लिहिणे रात्री. अशा आठवणी चूक झाल्यावरच निघतात.

आमटीच्या वाटणाशी मात्र आत्याच अडखळली. भाजके खोबरे, जिरे, लवंग, दालचिनी सांगितली. पुढचा जिन्नस आठवेना. तिचे डोळे भरून आले. आम्ही मसाल्याचे डबे उघडून एकेकाचा वास तिला दिला. दगडफुलाशी ती थांबली. "हेच. आजी दोनच पाकळ्या घालायची."

संध्याकाळी होळीत अर्पण करायची पहिली पोळी तव्यावर फाटली. मी दुसरी लाटायला घेतली, तर आत्या म्हणाली, "अग्नीला चालते गं. तू आधी आमटी बघ, उतू जाईल."