आरशाची थरथर

शाळेच्या घंटेवर टोला पडला म्हणजे तिचा नाद कितीतरी वेळ घुमत राहतो. तडा गेलेलें मडकें मात्र बद्द वाजून तत्काळ गप्प होतें. एका मोठ्या वैज्ञानिक अडचणीचें मर्म ह्या भेदांत आहे.

अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें 'लायगो' नांवाच्या दोन वेधशाळा आहेत. तिसरी आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ उभारण्यास भारत सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. ह्या वेधशाळांत चार किलोमीटर अंतरावर ४० किलोग्रॅमचे आरसे टांगून, गुरुत्वीय लहरीनें त्या अंतरांत पडणारा फरक लेसरच्या प्रकाशानें मोजतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी लहर प्रथम सांपडली. तो फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता!

परंतु पदार्थाचे कण उष्णतेमुळें कधींच स्वस्थ नसतात, आणि आरशाचा पृष्ठभाग सदैव थरथरतो. ही थरथर नाहींशी करितां येत नाहीं. मात्र उत्तम घंटेप्रमाणें नाद टिकविणारा पदार्थ आपली थरथर थोड्या ठराविक स्वरांजवळ कोंडून ठेवितो, व ते स्वर मोजमापाच्या वाटेंत येत नाहींत. बद्द पदार्थाची थरथर सर्व स्वरांत पसरते.

आरशाची कांच, म्हणजे शुद्ध सिलिका, ही अस्सल घंटा होय. खोट आहे ती तिच्यावरील लेपांत! सिलिका व टँटॅलम ऑक्साइड यांचे थर एकाआड एक देऊन तो करितात. त्यावांचून प्रकाश पुरेसा परततच नाहीं. जाडी अवघी कांहीं मायक्रोमीटर. तरी आरशाच्या उष्णताजन्य गोंगाटाचा मोठा वांटा ह्या पापुद्र्याचाच.

टँटॅलम ऑक्साइडांत टायटॅनियम ऑक्साइड मिसळल्यानें अंतर्गत घर्षण कांहींसें घटलें. प्रकाशाचा झोत रुंद केल्यास उंचसखल थरथर सरासरीनें बरीच मिटते. जपानांतील 'काग्रा' वेधशाळेनें थंडीची वाट धरली. पण सिलिका थंडींत उलट अधिक बद्द होते, म्हणून तेथें नीलमण्याचे आरसे घेतले. सर्वांत आशादायक मला वाटतो तो गॅलियम आर्सेनाइडाच्या जातीचा स्फटिकरूप लेप. तो वेगळा वाढवून, सोलून कांचेवर चिकटवितात. घर्षण पुष्कळच कमी. परंतु एवढ्या मोठ्या आरशास पुरेल असा निर्दोष पापुद्रा करणें फार कठीण.

एवढा खटाटोप कशासाठीं? एकूण गोंगाट निम्मा झाला, तर दुप्पट दूरच्या, म्हणजे आठपट अवकाशांतील घटना टिपतां येतील.

नव्या लेपाची परीक्षा मात्र जुनीच आहे. लेप दिलेली कांचेची चकती कंपित करितात, आणि तिचें कंपन विरावयास किती वेळ लागतो हें मोजीत बसतात.