चालीत समतोल : वाहन, कुटुंब आणि आपली जबाबदारी



हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेला उपदेश पवित्र कुरआनने जतन केला आहे. शिर्कपासून दूर राहणे, नमाज कायम करणे आणि संकटात संयम राखणे यांच्याच ओळीत तेथे दोन साध्या गोष्टी येतात : चाल मध्यम असावी आणि आवाज खालचा असावा (३१:१९). ही शिकवण आज वाहनावर बसणाऱ्याला अधिकच लागू होते. पायी चालणाऱ्याची घाई फार तर त्यालाच ठेच लावते. वाहनाची घाई दुसऱ्याचे घर उजाड करते. कर्कश हॉर्न आणि बदललेला सायलेन्सर हेही आवाज चढवणेच होय.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याने रस्त्यावरचा मृत्यू जवळून पाहिला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. मृत्यूची घटका अल्लाहच्या हाती आहे, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी तो बांधण्यास सांगितले (तिर्मिजी). हेल्मेट, सीटबेल्ट आणि झोप आल्यास गाडी थांबवणे, हे आपले उंट बांधणे आहे.

काही जण इबादतीसाठी घाई करतात. जुम्याची अजान झाली की मोटारसायकली गल्लीतून सुसाट निघतात. वास्तविक नमाजला धावत न येता शांतपणे यावे, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे (बुखारी, मुस्लिम). इफ्तार लवकर करणे सुन्नत आहे. पण ती रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून खजूर किंवा घोटभर पाण्यानेही अदा होते. त्यासाठी घर गाठण्याची शर्यत नको.

पालकहो, प्रत्येक जण आपल्या अधीन असलेल्यांचा राखणदार आहे आणि त्याला त्यांच्याविषयी जाब विचारला जाईल. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती किल्ली देणे हे लाड नव्हेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा अपराधासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय मूल आपले शब्द विसरते, आपण गाडी कशी चालवतो ते विसरत नाही.

आता इंधनाविषयी. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण असलेल्या उम्मतीला इसराफ शोभत नाही. मात्र बचत समजून घेऊन करावी. राजूर घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून कोणी गाडी न्यूट्रल करतात, कोणी इंजिनच बंद करतात. त्यामुळे इंजिनाचा रोध जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. मोटारीचे इंजिन बंद असेल तर ब्रेक व स्टेअरिंगही जड होतात. उलट आजच्या बहुतेक मोटारींत, गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. खरी बचत टायरमधील योग्य हवेत, हलक्या पायात आणि वेळेआधी घर सोडण्यात आहे. जी चाल जीव वाचवते, तीच पैसाही वाचवते.

वाहनावर बसताना आपण जी दुआ पढतो, तिच्यात या वाहनाला काबूत आणणे आपल्या शक्तीबाहेरचे होते, अशी कबुली आहे. ती कबुली ओठांवर असताना पाय अॅक्सिलरेटरवर दाबलेला नसावा. आज रात्री जेवणानंतर घरातील सर्वांना ही दुआ अर्थासह समजावून सांगा.

अल्लाह आपल्या प्रत्येक मुसाफिराला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.