डबलसीट

माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात एक रबरी चप्पल आहे. निळी, अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाची, उजव्या पायाची. टाचेकडून ती अर्धी फाटलीय आणि उरलेल्या भागावर बटन टायरचे चौकोनी ठसे आहेत. मी ती ठेवलीय हे माझ्या बहिणीला ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. अलिबागपासून मुरुडपर्यंत जे किनारे आहेत त्यांतल्या एकावर आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो. कुठल्या, ते सांगत नाही. कुठल्याही किनाऱ्यावर हेच झालं असतं. ओहोटी लागली होती, ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. घोडागाडी, उंट, बनाना बोट आणि सुरूच्या झाडांपुढं ओळीनं उभ्या केलेल्या एटीव्ही. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, वर लांबलचक सीट. भाची मागे लागली, "मामा, मला ने ना एकदा." तिला एकटीला चालवायला द्यायची नाही इतकी अक्कल मला होती. म्हणून मी हुशारी केली: मी चालवतो, तू मागे बस.

गाडीवाला पोरगा म्हणाला, "काका, डबलसीट जावा की. काय नाय होत."

मीही तेच म्हटलं असतं. तीस वर्षं दुचाकी चालवतोय. आपल्याकडे डबलसीट ही काही वेगळी गोष्ट नसतेच. टाकीवर पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर पिशवी. लांब सीट दिसली की तिच्यावर दोघं बसायचे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि घात तिथंच होतो. एटीव्हीची लांब सीट दुसऱ्या माणसासाठी केलेलीच नसते. ती चालवणाऱ्याला पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकता यावं म्हणून लांब असते. हे मला नंतर कळलं, पण सांगतो आत्ताच, कारण बाकी सगळं यातूनच निघतं.

दुचाकी वळवताना ती अंगासकट कलते आणि मागचा माणूस गप्प बसला तरी तिच्याबरोबर कलतो. एटीव्ही स्वतः कलत नाही. ती चार चाकांवर सपाट उभी असते, म्हणून कलायचं काम चालवणाऱ्याच्या अंगाला करावं लागतं. त्यातून बऱ्याच एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर बसवलेली असतात. मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून डिफरन्शियल असतो; यांच्यात तो नसतो. वळताना आतलं चाक थोडं घसरलं तरच गाडी वळते, नाहीतर नाकासमोर सरळ जाते. त्यासाठी चालवणाऱ्यानं धड आतल्या बाजूला झुकवायचं आणि भार मात्र बाहेरच्या पायावर द्यायचा. चढाला पुढे सरकायचं, उताराला मागे. थोडक्यात, या गाडीवर बसायचं नसतं, सतत हलत राहायचं असतं. आता पाठीला चिकटून, कंबरेला मिठी मारून दुसरं माणूस बसलं, तर हलणार कुठे?

शिवाय ते वजन बसतं मागच्या दांड्यावर किंवा त्याच्याही मागे. पुढची चाकं हलकी होतात. हँडल वळतं, गाडी वळत नाही. टायरमध्ये हवा तरी किती? आपल्या दुचाकीत पंपावर तीसच्या आसपास भरतात, इथं पाच-सहा. मऊ वाळूत रुतू नये म्हणून ते ठीक आहे, पण त्यामुळेच गाडी खड्ड्यावरून उसळते, चेंडूसारखी.

तर आम्ही निघालो. जाताना सगळं झकास. ओल्या वाळूवरून सरळ, वारा तोंडावर, भाची ओरडतेय. परत येताना मला वाटलं, किनाऱ्याच्या कडेनं वर चढून सुरूच्या सावलीतून जावं. भरतीच्या लाटांनी तिथं वाळू कापून गुडघाभर उंचीचा बांध केला होता. त्याच्यावर समोरून गेलो असतो तर कदाचित अडकलो असतो, एवढंच. मी तिरका गेलो. डावी चाकं वर चढली, उजवी खालीच राहिली, आणि गाडी उजवीकडे कलली. वेग म्हणाल तर सायकलचा.

पुढचे दोन सेकंद मी इतक्या वेळा आठवलेत की त्यात चारच गोष्टी उरल्यात. भाची घसरली आणि तिनं मला घट्ट धरलं, त्यामुळे मीही उजवीकडे ओढला गेलो. मी हँडल आवळलं. या गाडीचा अॅक्सिलरेटर दुचाकीसारखा मुठीत फिरत नाही, उजव्या अंगठ्याखाली एक छोटी कळ असते. घाबरून मूठ आवळली की ती कळही दाबली जाते. म्हणजे थांबायच्या क्षणी मी गाडीला वेग दिला. तिसरी, सवयीनं मी पाय खाली टेकवायला गेलो. दुचाकी पडायला लागली की आपण पाय टेकतो, त्यात विचार नसतो. माझ्या नडगीचं साल निघालं, तेवढ्यावर भागलं. आणि चौथी म्हणजे तिचा पाय. मागे बसणाऱ्याला पाय ठेवायला त्या गाडीवर काहीही नव्हतं. जाताना-येताना तिचे पाय मागच्या चाकांच्या बरोबर पुढे लोंबकळत होते, आणि मी एकदाही मागे वळून ते पाहिले नव्हते. टायरनं टाच पकडली आणि आत घेतली.

गाडी उलटली नाही. कलून पुन्हा चार चाकांवर आपटली. लांबून पाहणाऱ्याला काही झालं असं वाटलंही नसेल. उलटली असती तर दोन-अडीचशे किलोचं धूड आमच्या दोघांच्या अंगावर आलं असतं.

गर्दी जमली. एका भल्या माणसानं तिचा पाय हातात घेतला आणि म्हणाला, "उतरलाय नुसता, ओढून बसवतो." माझी बायको त्याच्या अंगावर अशी ओरडली की तो दोन पावलं मागे सरला. हे मुद्दाम सांगतोय. सुजलेला, वाकडा दिसणारा पाय ओढायचा नाही, तेल लावून चोळायचा नाही, हाडं बसवणाऱ्याकडे न्यायचा नाही. दिसतोय तसाच आधार देऊन बांधायचा. शहाळेवाल्यानं खोक्याचा जाड पुठ्ठा दिला, तो पोटरीच्या दोन्ही बाजूंनी लावून ओढणीनं बांधला. आमची गाडी जवळ होती म्हणून निघालो. नसती तर १०८ ला फोन करायचा.

एक्स-रेत घोट्याजवळचं हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टरांनी पेननं फिल्मवर एक बारीक रेघ दाखवली. लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी हा पट्टा असतो, हाड इथूनच वाढतं. मोड त्यातून गेली होती. मोठ्यांचं हाड सांधलं की सांधलं. मुलांचा हा पट्टा दुखावला तर पुढे पाय वाकडा वाढू शकतो, किंवा एक पाय आखूड राहू शकतो, आणि ते लगेच कळत नाही. सहा आठवडे प्लास्टर, मग दीड वर्ष दर काही महिन्यांनी दोन्ही पायांचे एक्स-रे, शेजारी शेजारी ठेवून मोजायचे. दरवेळी बहीण फिल्म उजेडाकडे धरायची आणि मी खिडकीबाहेर बघायचो. पाय सरळ वाढला. दादा म्हणून तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, ते जास्त जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी परत त्या किनाऱ्यावर गेलो होतो. भांडायला नव्हे, भाचीचा चष्मा तिथं राहिला होता. गाडी उभी होती. तिच्या मागच्या मडगार्डवर खाऱ्या हवेनं अर्धवट सोललेलं एक स्टिकर होतं. गाडीवर दोन माणसांची आकृती आणि तिच्यावर फुली. आदल्या दिवशी भाडं देताना मी तिथंच हात टेकून उभा होतो.

ती फुली उगाच आलेली नाही. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत असली पहिली गाजलेली गाडी आणली, तिला तीनच चाकं होती. १९८० च्या दशकात त्यांच्या अपघातांत इतकी माणसं आणि मुलं गेली की १९८८ मध्ये तिथल्या सरकारनं न्यायालयात कंपन्यांशी लेखी समझोता केला. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. ९० सीसीहून मोठ्या इंजिनाची गाडी सोळा वर्षांखालच्या मुलासाठी म्हणून विकायची नाही, असं ठरलं आणि गाड्यांवर इशारे चिकटवायचं बंधन आलं. आपल्याकडे गाडी आली, स्टिकरही आलं. ते वाचायची रीत आली नाही. त्या गाडीला नंबरप्लेट नव्हती. मी सही केलेल्या चिठ्ठीवर एकच वाक्य होतं, 'स्वतःच्या जबाबदारीवर'. सही करताना मी हसलो होतो.

आता कुणी विचारलं तर मी जाऊ नका म्हणत नाही. एकट्यानं, बूट घालून, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून, सपाट वाळूवर जरूर जा. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्हीही असतात, पण त्या ओळखायच्या सीटच्या लांबीवरून नाही, खाली वाकून. मागच्या माणसाला पाय ठेवायला वेगळी जागा, हाताला धरायला दोन्हीकडे मुठी, पाठीला टेका, आणि पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर. यातलं एक जरी नसेल तर ती एकाची गाडी, मालक काहीही म्हणो. आणि पायठेव असली तरी तिथपर्यंत पाय पोचायला हवेत. लोंबकळणारे पाय असतील तर ती असून नसल्यासारखी. घरच्यांना घेऊन फिरायचंच असेल तर शेजारी-शेजारी बसायची, वर लोखंडी पिंजरा आणि सीटला पट्टे असलेली गाडी मिळते का बघा, आणि पट्टे लावा.

मूल पुढे, टाकीवर बसवणं हे मागे बसवण्याहून वाईट. गाडी अचानक थांबली की हँडल त्याच्या छातीत बसतं, आणि ती अंगठ्याची कळ त्याच्या बोटांसमोरच असते. लहानग्यांच्या छोट्या एटीव्ही असतात, त्यांतल्या काहींना मागून दोरी असते. ती ओढली की इंजिन बंद पडतं. ती दोरी हातात धरून मागे चालणारा माणूस असेल तरच मुलाला बसवा, आणि तो माणूस मोबाईल बघतोय का तेही बघा. मोठ्या गाडीवर बसण्यापूर्वी लाल बटण कुठे आहे ते विचारा आणि एकदा दाबून इंजिन बंद करून पाहा. मी विचारलं नव्हतं. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस आवरा. बांधावर, उतारावर तिरकं जाऊ नका. आणि कलायला लागली तर पाय टेकायचा नाही, हँडल सोडायचं, तिच्यापासून लांब उडी घ्यायची. हे वाचून येणार नाही, मला माहीत आहे. तीस वर्षांची सवय दोन सेकंदांत जात नाही. म्हणून तर तिथवर वेळच येऊ देऊ नका.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा कोकणात होतो, दुसऱ्या किनाऱ्यावर. भाची आता चौदाची आहे, माझ्याबरोबर भेळ खात उभी होती. एक तरुण बाप सहा-सात वर्षांच्या मुलाला मागे बसवून निघत होता. मी जवळ गेलो, जमेल तितक्या गोड आवाजात सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, हळूच नेतोय हो." मीही हळूच नेली होती, असं म्हणायचं राहून गेलं. तो गेला, लांब खडकांपर्यंत जाऊन वळला आणि पाच मिनिटांत परत आला. दोघं हसत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, अजून एकदा." बापानं माझ्याकडे बघितलं, बघा म्हटलं नव्हतं का, असं, आणि पैसे काढले.

"मामा," भाची भेळेचा कागद चुरगाळत म्हणाली, "त्याचे पाय बघितलेस?"

अनवाणी होते. चाकापासून वीतभर.