डब्यावरचा दोनशेचा आकडा

अगं, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, दोनशे अँपिअरचं वेल्डिंग मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू का?" घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. आता निवांत सांगते. शिवणकामातून एकेक रुपया साठवलायस तू, तो नुसत्या आकड्यावर जायला नको.

तुला करायचंय काय, ते आधी धर. कुंड्यांचे स्टँड, भांड्यांचा रॅक, पुढेमागे गोठ्याचं फाटक. म्हणजे सोळा गेजचा इंची चौकोनी पाईप आणि थोडी अँगल-पट्टी. सोळा गेज म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर. त्याला २.५ ची काडी ६०-७० अँपिअरवर छान चालते, वर गेलीस की भोकच पडतं. अँगलला ८०-९० लागतील. फाटकाच्या बिजागरीला ३.१५ ची काडी लावलीस तरी १२० पुरे. दोनशे तुला लागणारच नाहीत.

आणि लागले तरी ते तुझ्या घरात येणार कुठून? दोनशे अँपिअरवर आर्क साधारण २८ व्होल्टचा असतो. गुणाकार कर, ५,६०० वॅट झाले. मशीन स्वतः खातं ते सोडून दे, तरी २३० व्होल्टच्या लाइनवर हे २४ अँपिअर होतात. तुझ्या भिंतीवरचा मोठा सॉकेट १६ चा. खरोखरचं दोनशेचं मशीन पूर्ण चढवलंस, तर एमसीबी पडेल नाहीतर वायर तापेल. म्हणून पुढच्या मोठ्या आकड्याकडे बघू नकोस. मशीन फिरव आणि मागची पट्टी वाच. तिथे टक्क्यात ड्युटी सायकल लिहिलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. पण हे किती अँपिअरवर, तेही त्याच पट्टीवर हवं. ज्या मशीनला ती पट्टीच नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी खाली ठेव.

प्रकार म्हणशील तर साधं इन्व्हर्टर आर्क मशीन घे, काडीचं. पाच ते आठ हजारांच्या आसपास चांगलं मिळतं आणि एका हाताने उचलता येतं. जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन दणकट असतं, पण जड, आणि घरच्या लाइनला चटका देणारं. मिगचा मोह होईल, कारण टाका सुबक येतो. पण गॅसची टाकी, वायरचं रीळ, सगळं तालुक्याहून आणत बसायचं, आणि बिनगॅसच्या मिगची वायर काडीपेक्षा महाग. टिग आणि आर्गॉन तर आत्ता नकोच.

दुकानात मात्र लाजू नकोस. घरून पाईपचे दोन तुकडे घेऊन जा आणि म्हण, काडी पेटवून दाखवा. ८० वर ठेवून दोन काड्या लागोपाठ शेवटपर्यंत जाळायच्या. आवाज ऐक. कढईत भजी सोडल्यावर जसा एकसारखा चरचर आवाज येतो, तसा यायला हवा. फटफट करत असेल, काडी सारखी चिकटत असेल, तर एक तर तुझा हात नवा, नाहीतर मशीनमध्ये दम नाही. म्हणून दुसरी काडी दुकानदाराच्या हातून जाळून घे. मग होल्डरची केबल हाताने चाचप. दोन काड्यांत ती गरम झाली असेल तर आत तार बारीक आहे. टोकाची एक तार ब्लेडने खरवड, खालून पांढरं निघालं तर तांब्याचा नुसता मुलामा आहे. आणि बोर्ड जळला तर दुरुस्त कोण करणार, हे पैसे देण्याआधी विचार.

मशीनवर सगळे पैसे संपवू नकोस, हे मी हट्टाने सांगते. मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घे, स्वतंत्र एमसीबी बसवून घे, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. काड्या ६०१३ च्या घे, आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेव, अगदी पापडासारख्या. दमट काडी तडतडते आणि टाक्यात छिद्रं पडतात. ग्राइंडर मशीनपासून लांब चालव. लोखंडाची भुकटी पंख्यातून आत जाते आणि बोर्ड जाळते.

आता डोळ्यांचं. आयटीआयच्या वर्षी एकदा मी म्हटलं, एकच टाका आहे, कशाला काच धरू. संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. रात्री अकराला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, उघडता येईना, मिटवता येईना. आई रात्रभर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसली होती. तू तेव्हा लहान होतीस, तुला आठवणार नाही. म्हणून दीडेक हजार आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या हेल्मेटला ठेवच. १० किंवा ११ नंबर शेड. चामड्याचे हातमोजे आणि सुती, पूर्ण बाह्यांचा कुर्ता. ओढणी, नायलॉन, गळ्यातली चेन, बांगड्या, सगळं आत ठेवून बाहेर यायचं. केस बांधून. पोरं अंगणात असतील तर मशीन चालू करायचं नाही, उघड्या डोळ्यांनी ती बघतातच.

आणि गोठ्यातला तो चकाकता जीआय पाईप दिसला म्हणून थेट काडी लावू नकोस. वरचा जस्ताचा थर जळला की पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी थर घासून काढ, मग उघड्यावर वाऱ्याच्या बाजूला उभी राहून वेल्ड कर. रिकामी डिझेलची टाकी जोडायला कुणी आणून दिली, तर हात जोडून परत पाठव. आतली वाफ स्फोट करते.

रविवारी मी येतेय. आपण दोघी उद्यमनगरात जाऊ. पाईपचे तुकडे तू आण, माझी जुनी काच आणि काड्यांचा पुडा मी आणते. दुकानदाराला वेळ सांगून ठेव, आपल्याला अर्धा तास तरी काड्या जाळायच्या आहेत.